थेंबाथेंबाचा हिशेब

एक किलो वजनाच्या, दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम ९० मिली रक्त असतं. आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांना आणि सिस्टरना मी हा आकडा पहिल्याच दिवशी सांगते आणि मग त्यांच्यापुढे तपासण्यांचा फॉर्म ठेवते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (संसर्गाची खूण), ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं), इलेक्ट्रोलाइट्स (सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार), बिलिरुबिन (काविळीसाठी), ब्लड गॅस (रक्तातले वायू). फॉर्मवर खुणा करायला दहा सेकंद लागतात. त्या खुणांपायी ४ मिली रक्त सहज जातं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त धरलं, तर त्या प्रमाणात हे सव्वादोनशे मिली काढण्यासारखं झालं, म्हणजे रक्तदानाच्या पिशवीच्या निम्म्याच्या आसपास. आणि हा झाला एका सकाळचा खर्च. संध्याकाळी कुणीतरी पुन्हा फॉर्म भरणारच असतं.

एनआयसीयूत बाळांचं रक्त काढणं हे माझं रोजचं काम. बाहेरून बघणाऱ्याला त्यात सुई आणि धाडस एवढंच दिसतं. “एवढ्याशा हाताला टोचायला तुम्ही धजता कशा?” असं नातेवाईक विचारतात. सवयीने धजते, त्यात मोठेपणा काही नाही. अवघड भाग वेगळाच आहे. किती काढायचं, कुठून काढायचं आणि मुळात काढायचं का, हे सुई हातात घेण्याआधी ठरलेलं असावं लागतं. यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा माझ्या हातात नसतं, म्हणून तो प्रश्न विचारत राहणं तेवढं मी माझ्याकडे ठेवलं आहे.

जितकं बाळ आजारी, तितक्या तपासण्या जास्त. जितकं बाळ लहान, तितकं रक्त कमी. आणि आमच्याकडे सगळ्यांत लहान बाळंच सगळ्यांत आजारी असतात. त्यांच्या शरीराला नवं रक्त तयार करण्याचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन पुरेसं तयार होत नाही, त्यामुळे काढलेलं लगेच भरून येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत या बाळांना बाहेरचं रक्त चढवावं लागतं, त्याचं एक मोठं कारण आम्हीच काढलेलं रक्त असतं. रक्त चढवल्यावर ते लागू पडलं का हे बघायला पुन्हा सीबीसी पाठवायचा असतो, हे वेगळं.

किती रक्त लागेल हे आजारावर ठरत असेल असा माझा पूर्वी समज होता. ते ठरवतो बल्ब, म्हणजे रक्त भरून लॅबला पाठवायची छोटी नळी. मोठ्यांसाठीचा ईडीटीए बल्ब (आत रक्त गोठू न देणारं रसायन असलेला) दोन-तीन मिलीचा असतो. बाळांसाठी मायक्रो बल्ब मिळतात, पाव ते अर्ध्या मिलीचे. मशीन प्रत्यक्षात त्यातले काही मायक्रोलिटरच ओढून घेतं. बाकीचं रक्त तळाशी असावं लागतं, कारण मशीनच्या शोषनळीचं टोक बुडायला तेवढी उंची हवी. तपासणी झाली की हे उरलेलं रक्त काही काळ फ्रिजमध्ये राहतं आणि मग कचऱ्यात जातं. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २००० साली एक अभ्यास आला होता. त्यात लॅबने मागितलेलं रक्त आणि प्रत्यक्ष काढलेलं रक्त यांची तुलना केली होती. सरासरी १९ टक्के रक्त जास्तीचं काढलं जात होतं. बल्बवर भरणीची रेघ नसली की जास्त, बाळाचं वजन कमी असलं की जास्त आणि बाळ अधिक अत्यवस्थ असलं की जास्त. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे उलटं वाटलं. मग लक्षात आलं की अत्यवस्थ बाळाचं सॅम्पल कमी पडून परत येऊ नये, या भीतीनेच आपण थोडं जास्त काढतो. भीती खरी असते आणि रक्तही खरंच जातं.

म्हणून लॅबवाल्यांबरोबर बसून आम्ही एक तक्ता केला. कुठल्या तपासणीला कमीत कमी किती रक्त चालेल, दोन तपासण्या एका बल्बात बसतात का, कुठल्या मशीनवर कमी लागतं. तो तक्ता आता रक्त काढायच्या ट्रॉलीवर चिकटवला आहे. वाटाघाटी सोप्या नव्हत्या. लॅबची बाजूही खोटी नसते: पाव मिलीत एक गुठळी झाली की सगळं सॅम्पल वाया. “सिस्टर, सॅम्पल क्लॉट झालंय, रिपीट पाठवा,” हे लॅबच्या फोनवरचं वाक्य आमच्या कामातलं सगळ्यांत महाग वाक्य आहे. ज्याने काढलं त्याला ते ऐकावं लागतं आणि ज्याचं काढलं त्याला ते भरावं लागतं.

काटकसर कुठे करू नये तेही सांगते. ब्लड कल्चरला निदान एक मिली हवं. बाळाच्या रक्तात जंतू विरळ असतील तर दोन-चार थेंबांत ते सापडणारच नाहीत, रिपोर्ट निर्दोष येईल आणि त्या निर्दोष रिपोर्टवर कुणाचाच विश्वास बसणार नाही. मग अँटिबायोटिक चालूच राहतं. अशा कल्चरसाठी अर्धा मिली वाचवणं म्हणजे उरलेला अर्धा मिली फुकट घालवणं.

आता टाचेकडे येते. आमचं सगळ्यांत ओळखीचं ठिकाण तेच. पायाच्या अंगठ्याच्या मध्यापासून टाचेपर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढायची आणि चौथ्या-पाचव्या बोटांच्या मधून दुसरी. या रेघांच्या बाहेरच्या दोन कडा आपल्या. टाचेची मागची गोलाई पूर्ण वर्ज्य, कारण आत टाचेचं हाड आहे आणि ते वाटतं त्यापेक्षा फार जवळ आहे. १९७९ साली ब्लुमेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याची मोजमापं प्रसिद्ध केली. अगदी लहान बाळांत तळटाचेच्या कातडीपासून हाड अवघ्या २.४ मिमीवर असू शकतं आणि मागच्या गोलाईवर त्याच्या निम्म्यावर. टोचताना सुई तिथवर गेली आणि सोबत जंतू गेले की हाडाचा संसर्ग होतो. तशी उदाहरणं घडलेली होती, म्हणूनच मोजायची वेळ आली. पुढे १९९९ साली अल्ट्रासाउंडने मोजल्यावर दिसलं की तळटाचेचा मधला भागही समजत होते तेवढा धोक्याचा नाही. पुन्हा पुन्हा टोचावं लागणाऱ्या बाळाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट, कारण तेवढी जागा वाढली. पण शिकलेला हात अजून कडेकडेनेच जातो. माझाही.

पूर्वीच्या लॅन्सेट, म्हणजे टोचायची छोटी पाती, हाताने मारायच्या असत. पातं किती आत गेलं हे मारणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून. आताची उपकरणं स्प्रिंगची आहेत: कळ दाबली की पातं झोक्यासारखं फिरून एक छोटा छेद देतं आणि स्वतःहून आत ओढलं जातं. खोली कारखान्यातूनच ठरून येते, छोट्या बाळांसाठी ०.८५ मिमी आणि पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी १ मिमी. रक्त यायला खोल जावं लागत नाही, केशवाहिन्यांचं दाट जाळं वरच वर असतं. त्यामुळे छेद थोडा लांब हवा, खोल नको. हे एवढं साधं तत्त्व उपकरणात उतरायला बरीच वर्षं गेली.

उपकरण कितीही चांगलं असलं तरी पुढचं काम हाताचंच. टाच स्पिरिटने पुसायची आणि वाळू द्यायची. ओली राहिली तर बाळाला चुरचुरतं आणि तांबड्या पेशी फुटतात. एका हाताच्या बोटांमध्ये घोटा आणि टाच धरायची, घट्ट नाही, पण निसटणार नाही इतपत. कळ दाबायची. पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा, त्यात पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळलेलं असतं. मग दुसरा थेंब यायची वाट बघायची. तो आधी टिंबासारखा दिसतो, फुगतो, गोल होतो आणि स्वतःच्या वजनाने लोंबायला लागतो. बल्बचं तोंड त्याला नुसतं टेकवायचं, कडेने कातडी खरवडायची नाही. थेंब आत उतरला की पकड सैल सोडायची आणि टाच पुन्हा भरू द्यायची. घाईचा हात इथे ओळखू येतो. तो सैल सोडतच नाही, पिळत राहतो. पिळलं की पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं, रिपोर्टवर ते भलतंच वाढलेलं दिसतं, रेसिडेंट डॉक्टर धावत येऊन ईसीजी बघतात आणि शेवटी खरं-खोटं करायला पुन्हा रक्त काढायचं ठरतं. सैल सोडायचे चार सेकंद वाचवले म्हणून.

बल्ब भरायचा क्रमही टाचेसाठी वेगळा. ब्लड गॅसची केशनळी आधी, मग ईडीटीए, साधा बल्ब शेवटी. छेद झाल्या क्षणापासून प्लेटलेट एकमेकांना चिकटायला लागतात, म्हणून ज्या बल्बात गुठळी चालणार नाही तो आधी भरायचा. नव्या सिस्टर शिरेतून काढण्याचा क्रम पाठ करून आलेल्या असतात आणि इथे गोंधळतात. मी त्यांना क्रम पाठ करू नका, गुठळी कुणाला नको ते लक्षात ठेवा, असं सांगते.

टोचण्याआधी टाच शेकावी की नाही, यावर मला नेहमी विचारलं जातं. नव्वदच्या दशकातल्या चाचण्यांत शेकल्याने रक्त सहज येतं असं काही दिसलं नाही. तरी बहुतेक ठिकाणी शेकतात, आम्हीही शेकतो. कोमट कपडा, चटका बसणार नाही असा, तीनेक मिनिटं. पाय गारठलेला असेल तर मला त्याचा उपयोग वाटतो. शिवाय तेवढ्या वेळात बल्बांवर लेबलं लावून होतात, तेही काही कमी नाही.

टाचेच्या रक्ताचे रिपोर्ट डोळे झाकून वाचता येत नाहीत. त्यातला ऑक्सिजनचा आकडा भरवशाचा नसतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, शिरेच्या रक्तापेक्षा जास्त येतो, कारण पायाकडे रक्त मंद फिरतं आणि पेशी दाटतात. बाळाचं रक्त फार घट्ट आहे असं टाचेच्या सॅम्पलवर वाटलं, तर शिरेतून खात्री केल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढी शिस्त पाळावी लागते.

शिरेतून काढायचं म्हणजे बहुधा हाताच्या मागची शीर. इथे सिरिंज लावून ओढलं की बारीक शिरेच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबतं. म्हणून ओढायचं नाही, पाडायचं. बाळाचं मनगट अलगद वाकवून आपल्या दोन बोटांत धरायचं, त्याच बोटांच्या दाबाने शीर फुगते, वेगळा पट्टा लागत नाही. सुई जवळजवळ आडवी सरकवायची. शिरेत शिरल्याचा झटका मोठ्यांसारखा जाणवत नाही, रक्त दिसतं तेव्हाच कळतं. मग सुईच्या मागून थेंब पडू लागतात आणि खाली बल्ब धरलेला असतो. बोटांचा दाब किंचित कमी-जास्त करत राहिलं की थेंबांना लय येते. ती लय लागली की दीड-दोन मिनिटांत काम होतं. बिघडली की बिघडली.

याच कामासाठी सुईचा मागचा प्लास्टिकचा भाग, म्हणजे हब, मोडून नुसती सुई वापरायची पद्धत अनेक ठिकाणी चालत आली आहे. हबमध्ये रक्त साचून गोठतं, ते होऊ नये म्हणून कुणीतरी कधीतरी ही युक्ती काढली आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली. कुठल्या पाठ्यपुस्तकातून कुणी ती शिकलं असेल असं वाटत नाही. थेंब छान पडतात, हे मान्य. पण मोडलेल्या सुईला पकड नसते, दोन्ही टोकं उघडी असतात आणि रक्ताने माखलेली ती निसरडी सुई बाळाच्या हातातून काढून डब्यात टाकेपर्यंत आपल्या बोटांचा भरवसा नसतो. मोडताना बाहेरच्या टोकाला कंगोरे येतात ते वेगळेच. माझं मत स्पष्ट आहे: ही पद्धत बंद व्हावी. उघड्या मागच्या टोकाच्या आणि धरायला पंख असलेल्या सुया आता मिळतात. त्या नसतील तर साध्या बारीक सुईच्या हबमधून पडणारा थेंबही चालतो, फक्त बल्ब जवळ धरावा लागतो आणि हात थोडा जास्त चालवावा लागतो.

शिरेतून की टाचेतून, याचं उत्तर कॉक्रेन समीक्षेत, म्हणजे अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या अहवालात, मिळतं. पूर्ण दिवसांच्या बाळांत, सराईत माणसाने शिरेतून रक्त काढलं तर टाच टोचण्यापेक्षा कमी दुखतं. ‘सराईत’ ही अट वाचताना सुटून जाते. शिकाऊ हाताने तीनदा शीर शोधण्यापेक्षा एकदा टाच बरी. आणि ज्या बाळाला पुढचे कित्येक आठवडे सलाइनसाठी याच शिरा लागणार आहेत, त्याच्या शिरा सॅम्पलसाठी किती वापरायच्या हाही विचार असतो. किलोभर वजनाच्या बाळाच्या हातापायांवरच्या चांगल्या शिरा मोजून काढता येतात. त्या कुणी, कशासाठी संपवल्या, याचा हिशेब तिसऱ्या आठवड्यात समोर येतो.

जुनी वैद्यकीय साहित्यं चाळली की अंगावर काटा येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तान्ह्या बाळांचं रक्त टाळूतून काढायची पद्धत रूढ होती. टाळूच्या खाली मेंदूवरून जाणारी मोठी रक्तवाहिनी असते, तिच्यात सुई घालत. आज ऐकून भयंकर वाटतं, पण बारीक सुया आणि मायक्रो बल्ब नसलेल्या काळात हमखास रक्त देणारी तीच एक जागा होती. नंतर नाळेचा मार्ग आला. लुई डायमंड यांनी १९४० च्या दशकात नाळेच्या शिरेत प्लास्टिकची नळी घालून बाळाचं रक्त बदलायला सुरुवात केली आणि जन्मानंतर काही दिवस उघडं असणारं हे दार सगळ्यांच्या लक्षात आलं.

नाळ आडवी कापली की तीन छिद्रं दिसतात. एक मोठं, पातळ भिंतीचं आणि सैल, ती शीर. दोन लहान, पांढरट, जाड भिंतीची आणि घट्ट मिटलेली, त्या धमन्या. धमनीचं तोंड बारीक चिमट्याने हळूहळू उघडावं लागतं. दीड किलोच्या आतल्या बाळासाठी बहुधा ३.५ फ्रेंच मापाची नळी. टोक छातीच्या सहाव्या ते नवव्या मणक्यांच्या दरम्यान आहे ना, हे एक्सरेवर बघायचं. एकदा ही लाइन बसली की बाळाला न टोचता रक्त काढता येतं. पायाची बोटं पांढरी किंवा निळी पडताहेत का, याच्यावर मात्र सतत नजर लागते.

लाइनमधून सुरुवातीला येणारं रक्त नळीतल्या द्रवात मिसळलेलं असतं. ते बाजूला काढून मग सॅम्पल घ्यायचं आणि बाजूला काढलेलं बाळाला परत द्यायचं. ते फेकलं तर दर वेळी मिली-दीड मिली जातं. दोन्ही क्रिया सावकाश. सॅम्पल भरभर ओढलं तर मेंदूकडच्या रक्तपुरवठ्यात फरक पडतो, हे मोजून दाखवलेलं आहे. पण नाळेच्या लाइनबद्दलची माझी खरी तक्रार तांत्रिक नाही. लाइन असली की तपासण्या वाढतात. टोचायचं असेल तर डॉक्टर दोनदा विचार करतात, “सकाळी एकत्रच काढू” म्हणतात. लाइन असली की “जरा एक गॅस बघून घ्या ना, सिस्टर” हे वाक्य दिवसात कितीदा येतं याला मर्यादा नाही. बाळ रडत नाही, कुणाला काही वाटत नाही आणि रक्त जात राहतं. दुखण्याने बाळाचं थोडं संरक्षण होत होतं, ते लाइनने काढून घेतलं, असं कधी कधी वाटतं.

दुखण्याबद्दल एवढ्या सहज लिहू नये, हे मला कळतं. नवजात बाळांना वेदना कळत नाहीत असं मानायचा काळ फार जुना नाही. १९८७ साली के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या हृदयाजवळच्या शस्त्रक्रियेत तुलना केली. नेहमीच्या भुलीसोबत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी आणि नंतरची गुंतागुंतही कमी. त्याआधी अशी बाळं फेंटानिलसारख्या औषधाशिवाय, अगदी हलक्या भुलीवर टेबलावर घेतली जात. पुढे २००८ साली पॅरिस परिसरातल्या ४३० बाळांची पाहणी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. दाखल झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत, प्रत्येक बाळाला रोज सुमारे दहा वेदनादायक उपाय सोसावे लागत होते आणि त्यातल्या ७९ टक्के वेळा वेदना कमी करण्यासाठी आधी काहीच खास केलेलं नव्हतं. ती युनिट्स निष्काळजी नव्हती. सगळीकडे असंच चालतं.

व्हेंटिलेटरवरचं बाळ रडतं तेव्हा आवाज येत नाही, नळी स्वरयंत्रातून गेलेली असते. तोंड उघडतं, भुवयांच्या मध्ये फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठांपर्यंतची घडी खोल होते. अश्रू येत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही ऐकू आलेलं नसतं. वेदना मोजायच्या ‘पिप’ या मापनात हेच चेहऱ्याचे बदल, नाडीचा वेग आणि ऑक्सिजन यांना गुण देतात, आणि गर्भवय जितकं कमी तितके वरचे गुण, कारण फार लहान बाळ दाखवतंच कमी. जे बाळ टोचल्यावर काहीच हालचाल करत नाही, त्याच्याकडे मी जास्त बघते.

उपायांत साखरेचं पाणी सगळ्यांना माहीत असतं. २४ टक्के सुक्रोजचे काही थेंब जिभेवर आणि मग दोन मिनिटं थांबायचं. थांबणं हाच त्यातला मुद्दा, आणि घाईत तोच गाळला जातो. त्याने चेहऱ्यावरची वेदना कमी होते, यात शंका नाही. पण २०१० साली लंडनच्या संशोधकांनी टाच टोचताना बाळांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या, तेव्हा साखर दिलेल्या आणि न दिलेल्या बाळांत फारसा फरक सापडला नाही. तेव्हापासून मी साखरेकडे थोडं संशयाने बघते, देते मात्र नेमाने. कातडी बधिर करणारं मलम टाचेवर चालत नाही, तेही अनुभवाने आणि चाचण्यांनी कळलेलं आहे.

मला खरी किंमत वाटते ती दुसऱ्या हातांची. एकटीने रक्त काढता येतं, पण काढू नये. दुसरी सिस्टर बाळाचं डोकं एका तळव्यात आणि दुमडलेले पाय दुसऱ्या तळव्यात धरते, पोटातल्यासारखं गोळा करून. त्या धरण्याला औषध लागत नाही, सामान लागत नाही, फक्त माणूस लागतो. आणि रात्रपाळीला नेमका तोच नसतो. उपकरणांची मागणी मंजूर होते, दुसऱ्या हातांची होत नाही.

आई असली तर ती सगळ्यांत उत्तम. बाळ छातीशी धरलेलं असताना, अंगाला अंग लागलेलं असताना टाच टोचली तर ते लवकर शांत होतं. काही सहकाऱ्यांना आईने बघू नये असं वाटतं. मी आईला विचारते. काही जणी नको म्हणतात, मान वळवतात, ते ठीकच आहे. थांबणाऱ्या आया मात्र पुढच्या वेळी प्रश्न विचारतात.

“सिस्टर, कालच काढलं होतं ना रक्त?”

“हो ताई, काल कावीळ बघायला. आज सोडियम बघायचंय.”

“मग काल दोन्ही का नाही बघितलं?”

या प्रश्नाचं माझ्याकडे बहुतेक वेळा उत्तर नसतं. तो मी राउंडला डॉक्टरांपुढे तसाच्या तसा मांडते, आईचा प्रश्न म्हणून. माझा म्हणून मांडला तर तितकं वजन येत नाही.

राउंडला दुसरी एक गोष्टही कामाला येते. बाळाच्या तक्त्यावर लघवी, दूध, सलाइन यांच्या शेजारी आम्ही एक रकाना वाढवला, काढलेल्या रक्ताचा. प्रत्येक वेळी मिलीमध्ये लिहायचं, दशांशासकट, आणि रात्री बेरीज. त्या रकान्याखाली बेरीज दिसायला लागल्यापासून फॉर्मवरच्या खुणा कमी झाल्या. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

टोचल्याशिवाय कळणाऱ्या गोष्टीही आता बऱ्याच आहेत. पल्स ऑक्सिमीटरने ऑक्सिजनसाठीची किती सॅम्पल वाचवली याची कल्पना ज्यांनी त्याआधीचे दिवस बघितले त्यांनाच येईल. १९८० च्या सुमारास जपानमधून कपाळावर टेकवून कावीळ मोजणारं यंत्र आलं. बाळ काविळीच्या उपचारासाठी निळ्या दिव्याखाली असेल तर त्याचा आकडा फसवा, पण दिव्याआधी कुणाला सॅम्पल पाठवायचं हे ठरवायला उत्तम. खाटेजवळच ब्लड गॅस करणारी छोटी यंत्रं थेंब-दोन थेंबांत भागवतात.

आणि सध्या आमच्याकडे चर्चा आहे वारेची. नाळ कापली की वारेत बाळाचंच रक्त उरलेलं असतं आणि एरवी ते टाकून दिलं जातं. वारेच्या बाळाकडच्या बाजूवर जाड शिरा डोळ्यांना दिसतात. त्यातली एक स्वच्छ पुसून रक्त काढलं तर पहिला सीबीसी, रक्तगट आणि भरपूर रक्ताचं कल्चर एवढं बाळाच्या अंगातला एक थेंबही न घेता होऊ शकतं. नाळ थोडी उशिरा कापली तरी तेवढं रक्त बहुधा मिळतं. गुठळी व्हायच्या आत, म्हणजे काही मिनिटांत, काढावं लागतं. पण त्या मिनिटांत प्रसूतिकक्षातल्या सिस्टर आईच्या मागे असतात आणि आम्ही बाळाच्या. वार कुणाची, यावर दोन्हीकडून बरंच बोलून झालं आणि शेवटी त्यांनी ती एका ट्रेमध्ये झाकून ठेवायची, आमच्यातल्या एकीने काढायचं, एवढं ठरलं. मग लॅबने हरकत घेतली. बाळाचा नोंदणी क्रमांक तयार होण्याआधी बाळाचं रक्त लॅबमध्ये पोचतं. संगणकाच्या लेखी अजून जन्मलेल्याच नसलेल्या पेशंटचा रिपोर्ट कुणाच्या नावावर टाकायचा, यावर मंगळवारी बैठक आहे.